काठावरच्या किमती

जाड कोट घ्या. पाकीट राहू द्या. जिथे जायचे आहे तिथे काही विकत घेता येणार नाही, की कुणाला काही विचारता येणार नाही. दिसेल, ऐकू येईल, कागदावरचे आणि फळ्यावरचे वाचता येईल, एवढेच. पहिला मुक्काम ग्योटिंगेन, डिसेंबर १८५१.

विद्यापीठात पंचवीस वर्षांचा एक बुजरा तरुण आपल्या प्रबंधावरची जाहीर तोंडी परीक्षा देतो आहे. नाव बर्नहार्ड रीमान. प्रबंध तपासला आहे तो चौऱ्याहत्तर वर्षांच्या कार्ल फ्रीडरिश गाउस यांनी. गाउस सहसा कुणाची स्तुती करत नाहीत. या प्रबंधाची केली आहे. तुम्ही मागच्या बाकावर बसा आणि एका प्रश्नाकडे लक्ष ठेवा, कारण पुढची दीडशे वर्षे आपण त्याच्याच मागे फिरणार आहोत.

तांब्याची एक पातळ गोल चकती घ्या. तिच्या कडेवर प्रत्येक बिंदूचे तापमान बाहेरून ठरवून दिले आहे: एकीकडे बर्फ, दुसरीकडे दिव्याची ज्योत, मधे हळूहळू बदल. बराच वेळ थांबलात की आतले तापमान स्थिरावते. स्थिरावल्यावर त्याचा एक गुण असा, की आतल्या कुठल्याही बिंदूवरचे तापमान म्हणजे त्याच्याभोवती काढलेल्या लहानशा वर्तुळावरच्या तापमानांची सरासरी. अशा फलनाला हार्मोनिक म्हणतात. काठावरच्या किमती दिल्या आहेत, आतले हार्मोनिक फलन शोधा: हा डिरिक्ले यांचा प्रश्न, सगळ्या सीमामूल्य प्रश्नांचा पूर्वज.

रीमान यांचे उत्तर ऐकताना सोपे वाटते. त्या काठकिमती पाळणारी सगळी फलने समोर ठेवा. प्रत्येकाची ‘ऊर्जा’ मोजा, म्हणजे चढउतारांच्या वर्गांची बेरीज. ऊर्जा शून्याखाली जाऊ शकत नाही, म्हणून कुठले तरी फलन सर्वांत कमी ऊर्जेचे असणारच, तेच उत्तर. ही युक्ती ते बर्लिनला डिरिक्ले यांच्या व्याख्यानांत शिकले, आणि पुढे १८५७ मध्ये तिला ‘डिरिक्ले तत्त्व’ हे नावही त्यांनीच दिले. या तत्त्वाच्या खांद्यावर त्यांनी संमिश्र चलांच्या फलनांचा अख्खा सिद्धांत उभा केला आहे. त्या ‘असणारच’ या शब्दापाशी थोडे थांबा. खोलीत कुणालाही तो खटकलेला नाही.

एकोणीस वर्षे पुढे या. बर्लिन, १४ जुलै १८७०. पाच दिवसांनी फ्रान्स प्रशियाविरुद्ध युद्ध पुकारणार आहे. रस्त्यावर दुसरा विषय नाही. विज्ञान अकादमीत मात्र कार्ल वायरश्ट्रास अगदी शांतपणे रीमान यांच्या त्या शब्दावर सुरी चालवत आहेत. रीमान ऐकायला नाहीत. चार वर्षांपूर्वी, चाळिशीही न गाठता, इटलीत लागो माज्जोरेच्या काठी त्यांचे निधन झाले.

वायरश्ट्रास यांचे उदाहरण अर्ध्या पानाचे आहे. उणे एकपासून एकपर्यंत एक रेषा. डाव्या टोकाला एक उंची ठरलेली, उजव्या टोकाला दुसरी. मधला रस्ता तुम्ही आखायचा. पण चढाचा खर्च जागेप्रमाणे बदलतो. मध्यबिंदूपासून जितके दूर तितका चढ महाग, मध्यापाशी जवळजवळ फुकट. साहजिकच तुम्ही सगळा चढ मध्याभोवतीच्या छोट्या तुकड्यात उरकता. तुकडा आणखी छोटा केलात तर खर्च आणखी कमी. खर्च हवा तितका शून्याजवळ नेता येतो, पण शून्य करता येत नाही: शून्य खर्च म्हणजे कुठेच चढ नाही, आणि दोन टोकांच्या उंची तर वेगळ्या आहेत. थोडक्यात, खालची मर्यादा असली म्हणजे ती गाठणारे कुणी असते असे नाही. मला हे उदाहरण गणितातल्या सर्वांत निर्दय उदाहरणांपैकी वाटते. त्यात चूक काढायला जागा नाही आणि दुरुस्तीची वाटही ते दाखवत नाही.

दुरुस्ती झाली, पुष्कळांनी केली. १९०० च्या सुमारास डेव्हिड हिल्बर्ट यांनी ते तत्त्वच योग्य अटी घालून पुन्हा उभे केले. या तीस वर्षांत आपण उतरणार नाही. तुमच्यापुरते एवढे लक्षात ठेवा: चकतीवर काठाच्या किमती सलग असतील तर उत्तर असते, आणि एकच असते.

आता कोट काढा. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेत १९५३-५४ साली चेन निंग यांग आणि रॉबर्ट मिल्स एकाच खोलीत बसतात. त्यांच्या डोक्यात अणुकेंद्रातली बले आहेत, भूमिती मुळीच नाही. मॅक्सवेल यांच्या विद्युतचुंबकीय समीकरणांत जिथे साध्या संख्या असतात तिथे ते मॅट्रिक्स बसवतात. मॅट्रिक्सची अडचण अशी, की दोन मॅट्रिक्सचा गुणाकार कुठली आधी घेतली यावर अवलंबून असतो, म्हणून समीकरणांत मॅक्सवेलकडे नसलेली नवी पदे येतात. फेब्रुवारी १९५४ मध्ये प्रिन्स्टनला यांग हे मांडत असताना वोल्फगांग पाउली त्यांना पुन्हा पुन्हा एकच विचारतात: या क्षेत्राच्या कणाचे वस्तुमान किती? यांग यांच्याकडे उत्तर नाही. ते चक्क खाली बसतात, आणि ओपेनहायमर यांना मधे पडून त्यांना पुढे बोलायला लावावे लागते. पाउलींचा प्रश्न रास्तच होता. पण भूमितीवाल्यांना वस्तुमानाशी देणेघेणे नव्हते. त्यांना ती समीकरणे हवी होती. समीकरणांचा विषय खरे तर व्हेक्टर बंडल आहे, हे पदार्थविज्ञानाच्या आणि गणिताच्या लोकांनी एकमेकांशी बोलून नीट जुळवून घ्यायला १९७० चे दशक उजाडावे लागले.

व्हेक्टर बंडल म्हणजे काय ते पुढच्या मुक्कामाआधी समजून घ्या, वाटेत वेळ मिळणार नाही. एखादा पृष्ठभाग घ्या, आणि त्याच्या प्रत्येक बिंदूवर एकेक व्हेक्टर अवकाश उभे करा, सगळी सारख्याच मितीची, संमिश्र संख्यांवरची. शेजारच्या बिंदूंवरची अवकाशे एकमेकांना कशी जोडली आहेत याचा नियम ठरवून द्या. नियम संमिश्र विश्लेषणाला रुचणारा असेल तर बंडल होलोमॉर्फिक. आता प्रत्येक अवकाशात लांबी मोजायची एक पट्टी ठेवा, म्हणजे मेट्रिक. जोडणीचा नियम आणि पट्टी मिळून व्हेक्टर एका बिंदूवरून दुसऱ्यावर न्यायची एकच रीत ठरते. लहानशा वाटोळ्या रस्त्याने व्हेक्टर फिरवून मूळ जागी आणला आणि तो किंचित वळलेला निघाला, तर त्या वळण्याला वक्रता म्हणायचे. जोडणी बदलायची मुभा नाही, पट्टी बदलायची आहे. मग विचारायचे ते एवढेच: अशी पट्टी निवडता येईल का, की वक्रता सगळीकडे नाहीशी होईल?

चला मुंबईला. जून १९५६, पहिले पाऊस पडून गेले आहेत आणि गेटवेसमोरचा समुद्र गढूळ आहे.

अपोलो बंदरावर जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत टाटा मूलभूत संशोधन संस्था भरते. कुलाब्याच्या टोकाला तिची स्वतःची इमारत व्हायची आहे. पायाभरणी १ जानेवारी १९५४ ला झाली. इथे चोवीस वर्षांचे दोन तरुण तुम्हाला भेटतील: एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री. दोघेही मद्रासच्या लॉयोला कॉलेजात फादर रासीन यांच्या हाताखाली तयार झालेले, दोघेही १९५३ पासून इथे. पुढच्या वर्षी दोघे पॅरिसला जातील. आज त्यांच्यापाशी तुम्हाला बघण्यासारखे काही नाही, बाहेर पडा.

रीगल सिनेमा, म्युझियम, आणि मग डावीकडे इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सची ती दगडी इमारत. फार तर दहा मिनिटे. आणखी थोडे चाललात तर फ्लोरा फाउंटन लागेल, जिथे गेल्या वर्षी २१ नोव्हेंबरला संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला. ‘मुंबईसह’ हा शब्द अजून प्रत्येक भिंतीवर आणि प्रत्येक जिभेवर आहे. शहराचा काठ कुठे आणि ते कुणाच्या नकाशात, हा वाद इथे रस्त्यावर चालू असताना तुम्ही वर्तुळाच्या काठाचे गणित पाहायला निघाला आहात. थोडे ओशाळल्यासारखे झाले तर साहजिक आहे.

इन्स्टिट्यूटमध्ये गणित विभागाचे प्रमुख आहेत पेसी मसानी, वय छत्तीस, मुंबईत जन्मलेले, हार्वर्डचे डॉक्टरेट. नॉर्बर्ट वीनर १९५५-५६ मध्ये कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये पाहुणे प्राध्यापक होते, आणि त्या दोघांच्या हातात आता एक प्रश्न आहे. त्यातून ‘अ‍ॅक्टा मॅथेमॅटिका’मध्ये १९५७ आणि १९५८ साली दोन मोठे लेख येतील. प्रश्न भाकिताचा.

समजा कुलाबा वेधशाळेत रोज तीन आकडे नोंदले जातात: पाऊस, हवेचा दाब, तापमान. नोंदी अनादि काळापासून आहेत असे धरा, आणि त्यांच्या चढउतारांचा स्वभाव काळाबरोबर बदलत नाही असेही धरा. आजपर्यंतचे सगळे आकडे हातात असताना उद्याचे तीन आकडे जास्तीत जास्त नेमके कसे सांगाल, आणि चूक कमीत कमी किती राहील?

मालिका एकच असती तर उत्तर आधीच माहीत होते. मालिकेतले चढउतार वेगवेगळ्या लयींत मोडतात. लयी एका वर्तुळावर मांडता येतात. प्रत्येक लयीचा जोर म्हणजे वर्तुळाच्या त्या बिंदूवरची एक धन संख्या. भाकीत करायचे तर या धन फलनाचे दोन भाग पाडावे लागतात: एक वर्तुळाच्या आत होलोमॉर्फिकपणे पसरणारा आणि कुठेही शून्य न होणारा, दुसरा त्याचा संमिश्र जोडीदार. भूतकाळ आणि भविष्यकाळ वेगळे करायचे ते असे. कसे पाडायचे? लॉगॅरिदम घ्या. काठावर मिळालेले फलन आत हार्मोनिकपणे पसरवा. त्याला त्याचा काल्पनिक सोबती जोडा, निम्मे करा, पुन्हा घातांकात चढवा. झाले. ग्योटिंगेनची तांब्याची चकती ओळखलीत ना? आणि चूक किती राहील तो आकडा सुद्धा सुबक येतो: लॉगॅरिदमची वर्तुळावरची सरासरी काढा आणि ती घातांकात चढवा. झेगो यांच्या प्रमेयातून आणि कोल्मोगोरोव यांच्या १९४१ च्या कामातून हे हाती आलेले आहे.

तीन मालिका एकदम आल्या की वर्तुळाच्या प्रत्येक बिंदूवर धन संख्येऐवजी तीन गुणिले तीनची धन हर्मिशियन मॅट्रिक्स बसते. इथे लॉगॅरिदमची युक्ती कोसळते. मॅट्रिक्सच्या गुणाकाराचा लॉगॅरिदम ही लॉगॅरिदमांची बेरीज नव्हे, कारण गुणाकारात क्रम मोजला जातो. ब्रुकहेवनला यांग-मिल्सना जी अडचण आली तीच ही. वीनर आणि मसानी दुसऱ्या वाटेने जातात, हिल्बर्ट अवकाशातल्या प्रक्षेपांच्या, आणि दाखवतात की योग्य अटींखाली काठावरची मॅट्रिक्स फोडता येते: एक होलोमॉर्फिक मॅट्रिक्स आणि तिची जोडीदार यांच्या गुणाकारात. चूक आता एक संख्या राहत नाही, तीही मॅट्रिक्स होते: आतल्या होलोमॉर्फिक मॅट्रिक्सची वर्तुळाच्या केंद्रावरची किंमत घ्यायची आणि तिला तिच्या जोडीदाराने गुणायचे. लॉगॅरिदमवाले सूत्र निर्धारकापुरते मात्र टिकून राहते.

या लेखांत बंडल हा शब्द शोधू नका, मिळणार नाही. पण तुम्ही भविष्यातून आलात म्हणून तुम्हाला दिसते आहे: वर्तुळाच्या काठावर प्रत्येक बिंदूला दिलेली धन मॅट्रिक्स म्हणजे तीन मितींच्या बंडलची काठावर ठरवून दिलेली मोजपट्टी. ती फोडणे म्हणजे चकतीच्या आत वक्रता शून्य असलेली पट्टी सापडणे.

आता कुलाब्याच्या टोकाला या. आठ वर्षे उलटली आहेत, १९६४. नेहरूंनी जानेवारी १९६२ मध्ये उद्घाटन केलेली नवी इमारत, मागे हिरवळ, तिच्यापलीकडे समुद्र. नरसिंहन आणि शेषाद्री पॅरिसहून परतून काही वर्षे झाली आहेत, आणि ज्यांच्यापाशी मघाशी बघण्यासारखे काही नव्हते त्यांच्यापाशी आता आहे.

त्यांचा पृष्ठभाग बंद आहे. चेंडूसारखा, किंवा खरे तर दोन किंवा जास्त भोके असलेला; त्याला काठ नाही. अशा पृष्ठभागावर शून्य वक्रतेची पट्टी मागितलीत की लगेच एक अडथळा येतो. सगळ्या पृष्ठभागावरची वक्रता एकत्र केली की येणारी बेरीज ही बंडलची ‘पदवी’ नावाची पूर्ण संख्या ठरवते, आणि पट्टी कशीही बदला, ती संख्या हलत नाही. पदवी शून्य असली तरी सुटका नाही: बंडलच्या आत एखादे लहान बंडल जास्त पदवीचे निघाले तर तेच सगळा डाव उधळते. म्हणून अट लागते, आणि ती अट १९६२ मध्ये डेव्हिड ममफर्ड यांनी अगदी वेगळ्या कारणासाठी घातलेली आहे. प्रत्येक उपबंडलची पदवी भागिले मिती हा आकडा अख्ख्या बंडलच्या आकड्यापेक्षा कमी हवा. अशा बंडलला स्थिर म्हणायचे.

नरसिंहन-शेषाद्री प्रमेय सांगते की शून्य पदवीचे बंडल स्थिर असते ते नेमके तेव्हाच, जेव्हा ते पृष्ठभागावरच्या बंद रस्त्यांना युनिटरी मॅट्रिक्स नेमून देणाऱ्या, आणखी तुकडे न पडणाऱ्या एखाद्या रचनेतून जन्मते. युनिटरी म्हणजे लांबी न बदलणारी. रस्ता एक फेरी मारून आला की व्हेक्टर फिरलेला असेल, ताणलेला नाही. बीज आंद्रे वेल यांच्या १९३८ च्या लेखात होते. १९६५ मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये छापल्या जाणाऱ्या या लेखाने ते उगवले. एक बाजू बीजगणित, दुसरी बाजू भूमिती, आणि मधे तंतोतंत बरोबरीचे चिन्ह. मुंबईत लिहिल्या गेलेल्या गणितात याच्या तोडीचे फार थोडे आहे असे मी बेधडक म्हणेन.

मात्र त्यांच्या लेखात वक्रतेचे समीकरण सोडवलेले नाही. त्यांची रीत बंडले हळूहळू बदलत नेण्याची आहे. आणि १९५६ च्या त्या पावसाळ्यात, दहा मिनिटांच्या अंतरावर एका इमारतीत काठ असलेला प्रश्न होता आणि दुसरीत पुढे काठ नसलेला सोडवणारे लोक होते, हे कुणाच्या लक्षात आले नाही. यायचे कारणच नव्हते. अशा चुकामुकींवर हळहळणे मला भाबडेपणाचे वाटते. दोन्ही गोष्टींना जोडणारी भाषाच तेव्हा अस्तित्वात नव्हती.

१९८० मध्ये विक्रम मेहता आणि शेषाद्री पृष्ठभागाला टाचणीने भोके पाडून प्रमेय पुढे नेतात, त्याला ओझरता नमस्कार करा आणि ऑक्सफर्डला चला. सेंट जाइल्स रस्त्यावरची मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट. मायकेल अटिया आणि राउल बॉट यांनी यांग-मिल्स समीकरणे बंद पृष्ठभागांवर आणून ठेवली आहेत. १९८३ मध्ये सायमन डोनाल्डसन नरसिंहन-शेषाद्री प्रमेयाची नवी सिद्धता छापतात, आणि तिथे प्रमेय उघडपणे वक्रतेच्या समीकरणाचे होते: स्थिर बंडलवर हवी तशी पट्टी सापडते, अस्थिरवर सापडत नाही. १९८५ मध्ये ते हेच जास्त मितीच्या बैजिक पृष्ठभागांवर नेतात. १९८६ मध्ये कॅरन उलेनबेक आणि शिंग-तुंग याउ कुठल्याही मितीच्या बंद केहलर अवकाशांवर. प्रत्येक वेळी तीच अट: स्थिर असेल तर.

मग १९९२ येते. ‘जर्नल ऑफ जॉमेट्री अँड फिजिक्स’च्या आठव्या खंडात डोनाल्डसन यांचा ‘यांग-मिल्स क्षेत्रांचे सीमामूल्य प्रश्न’ अशा मथळ्याचा लेख आहे. ग्रंथालयात उभ्या उभ्या पहिले प्रमेय वाचा. केहलर अवकाश, पण या वेळी काठ असलेले. त्यावर कुठलेही होलोमॉर्फिक बंडल. काठावर तुम्हाला हवी ती पट्टी ठरवून द्या. मग आत अशी एक आणि एकच पट्टी असते जी काठावर तुमच्या पट्टीशी जुळते आणि जिची वक्रता हर्मिशियन यांग-मिल्स समीकरण पाळते, म्हणजे वक्रतेचा सरासरी भाग सगळीकडे शून्य.

पुन्हा वाचा आणि काय गाळले आहे ते बघा. स्थिर असण्याची अट कुठेच नाही.

पलंगावरची चादर हाताने सारखी करताना सुरकुती ढकलत कडेपर्यंत नेता येते आणि तिथून ती बाहेर पडते. चादरीला कडच नसती तर सुरकुती एका जागेवरून दुसऱ्या जागी गेली असती, एवढेच. बंद पृष्ठभागावर वक्रतेची बेरीज अडकून पडते. काठ मिळाला की तिला वाट मिळते. ‘पदवी’ ही संख्याच काठ असलेल्या अवकाशावर अशी ठरत नाही, म्हणून एखादे उपबंडल तिच्या जोरावर डाव उधळू शकत नाही.

सिद्धता पानभर आहे, तीही वाचून घ्या. काठावर जुळणारी कुठलीही पट्टी घेऊन सुरुवात करा आणि तिला काळाबरोबर बदलू द्या: जिथे सरासरी वक्रता जास्त, तिथे ती कमी होईल अशा दिशेने. काठावर पट्टी गोठलेली. रिचर्ड हॅमिल्टन यांनी १९७५ मध्ये काठ असलेल्या अवकाशांवरच्या अशा प्रवाहांचा पाया घातला होता, तो इथे कामी येतो. आता प्रत्येक बिंदूवर उरलेल्या सरासरी वक्रतेचा आकार मोजा. तो एखाद्या पत्र्यातल्या उष्णतेसारखाच वागतो, उलट तिच्याहून थोडा जलदच निवतो. आणि काठावर पट्टी हलत नसल्याने तिथे तो कायम शून्य. भीती एकच आहे: वक्रता निवता निवता पट्टी स्वतःच कुठे अनंताकडे पळाली तर?

ती पळत नाही हे डोनाल्डसन दाखवतात तेव्हा तुम्हाला ओळखीचे काहीतरी दिसेल. सुरुवातीच्या वक्रतेचा आकार ही जणू आतून दिलेली उष्णता समजा, काठ बर्फावर ठेवा, आणि स्थिरावलेले तापमान काढा. हा साध्या संख्यांचा डिरिक्ले प्रश्न, त्याचे उत्तर असतेच. कुठल्याही बिंदूवर पट्टी सगळ्या काळात मिळून जितकी सरकेल, तिला या तापमानाची मर्यादा आहे. मॅट्रिक्सचा, क्रमाच्या कटकटीचा प्रश्न सोडवायला शेवटी तांब्याची चकतीच आधार देते. वायरश्ट्रास यांचा आक्षेपही आड येत नाही: इथे सर्वांत कमी ऊर्जेचे कुणीतरी ‘असणारच’ असे म्हणून पुढे जायचे नाही, उत्तर काळाच्या ओघात प्रत्यक्ष घडताना पाहायचे आहे. उत्तर एकच का, तेही याच घरातले: दोन उत्तरे असती तर त्यांच्यातले अंतर काठावर शून्य, आणि आतले अंतर काठावरच्या कमाल किमतीपुढे जाऊ शकत नाही.

त्याच वर्षी अंतोनेल्ला मारिनी यांनी संपूर्ण यांग-मिल्स समीकरणांसाठी डिरिक्ले आणि नॉयमन हे दोन्ही प्रकारचे सीमाप्रश्न हाताळले. तो वेगळा आणि जास्त खडतर रस्ता आहे. तुम्ही टेबलापाशी बसा, पेन्सिल काढा.

अवकाश म्हणून साधी चकती घ्या. एका संमिश्र मितीत वक्रतेला सरासरी भागाखेरीज दुसरे काही नसते, म्हणून समीकरण सांगते की वक्रताच शून्य. वक्रता शून्य आणि चकतीला भोक नाही, तेव्हा आत सर्वत्र लांबी जपणारी होलोमॉर्फिक चौकट मांडता येते. पट्टी म्हणजे एक होलोमॉर्फिक, उलटवता येणारी मॅट्रिक्स आणि तिची जोडीदार यांचा गुणाकार. काठावर हेच मसानी आणि वीनर यांचे विघटन. क्रम उलटसुलट करण्याचा किरकोळ हिशेब सोडला, तर चकतीच्या केंद्रावरची पट्टी म्हणजेच उद्याच्या तीन आकड्यांच्या भाकितातली अटळ चूक.

आता चकतीच्या मधोमध भोक पाडा. बाहेरचे वर्तुळ त्रिज्या एकचे, आतले अर्ध्याचे, दोन्ही काठ. बंडल एकाच मितीचे घ्या म्हणजे हिशेब हातावर होईल. बाहेरच्या काठावर पट्टी १ ठेवा, आतल्यावर ½. डोनाल्डसन सांगतात की उत्तर एकच आहे, आणि ते तुम्हीच शोधू शकता: प्रत्येक बिंदूवर पट्टी म्हणजे केंद्रापासूनचे अंतर. त्याचा लॉगॅरिदम हार्मोनिक आहे, आणि दोन्ही काठांवर किमती जुळतात. आता ती फोडा. जिच्या आकाराचा वर्ग हे अंतर आहे अशी होलोमॉर्फिक गोष्ट कोणती? बिंदूचे संमिश्र वर्गमूळ. बाहेरच्या काठाजवळून निघा, हे वर्गमूळ हातात धरून भोकाभोवती एक पूर्ण फेरी मारा आणि मूळ जागी या. लांबी तीच आहे, पण चिन्ह उलटलेले आहे. वीनर-मसानींचे विघटन इथे एकसंध राहत नाही. रस्त्याला एक युनिटरी मॅट्रिक्स नेमली जाते, एक गुणिले एकची, उणे एक. आतल्या काठावरची पट्टी ½ ऐवजी ¼ ठेवलीत तर ती अधिक एक येते. मधल्या किमतींना एकक वर्तुळावरची इतर संख्या येतात. आणि बंडल दोन-तीन मितींचे घेऊन दोन्ही काठांवर मनाला येतील त्या धन मॅट्रिक्स ठेवल्यात, तर फेरीअखेर जी मॅट्रिक्स हाती येईल ती लांबी न बदलणारीच असेल, नरसिंहन-शेषाद्रींच्या रस्त्यांना नेमलेली असते तशी. फक्त ती कोणती, ते इथे काठावरच्या किमती ठरवतात.